रुग्णसेवेचे शिक्षण आणि देहाची निगा

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग वर्णिलेला आहे. भिक्खूंच्या निवासस्थानांची पाहणी करीत असता भगवान बुद्ध आयुष्मान आनंदांसह एका भिक्खूपाशी आले. तो अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याची शुश्रूषा करणारे कोणीही नव्हते. तथागतांनी आनंदांना पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले व आनंदांनी त्या भिक्खूचे अंग स्वच्छ धुतले. त्यानंतर तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदांनी पायांकडून धरून त्याला उचलले व मंचकावर निजविले. पुढे संघाला एकत्र करून, ज्याला तथागतांची सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा आशयाचा उपदेश त्यांनी केला.

धम्मप्रवचनांतून हा प्रसंग आपण करुणेचे उदाहरण म्हणून नेहमी ऐकतो. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने त्यातील एक साधा तपशील महत्त्वाचा आहे. रुग्णाला एकट्याने नव्हे, तर दोघांनी मिळून, एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलले. रुग्णसेवा ही मनाने होते तशीच ती हातांनी, पाठीने व पायांनी होते. मनात कितीही करुणा असली तरी पाठ दुखावलेल्या, रक्त कमी असलेल्या, झोपेविना थकलेल्या देहाकडून ती रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

आपल्यासारख्या निवासी विद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या अनेक मुली, आणि आता काही मुलेही, परिचर्येच्या शिक्षणाकडे वळतात. सहायक परिचारिका प्रसविका अर्थात एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. पुष्कळ कुटुंबांत ही मुलगी व्यावसायिक शिक्षण घेणारी पहिलीच असते. तिच्या शुल्कासाठी घराने काटकसर केलेली असते आणि तिच्या नोकरीवर धाकट्या भावंडांचे शिक्षण अवलंबून असते. अशा मुलीचे शिक्षण आजारपणामुळे खंडित झाले, अथवा नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच पाठदुखीने तिला जखडले, तर ती हानी तिच्या एकटीची राहत नाही. म्हणून परिचर्येचे शिक्षण घेताना शरीर सुदृढ कसे राखावे, हा विषय विद्यार्थी, पालक व माजी विद्यार्थी या सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

१. घंटा थांबल्यानंतर

निवासी विद्यालयातील दिनक्रम सर्वांच्या अंगवळणी पडलेला असतो. पहाटेची घंटा, वंदना, कवायत, सायंकाळचा खो-खो किंवा कबड्डी, श्रमदान, ठरावीक वेळेचे जेवण आणि ठरावीक वेळेची झोप. त्या वयात या शिस्तीचा कंटाळाही येतो. परंतु विद्यार्थ्याच्या नकळत ती घंटाच त्याच्याकडून व्यायाम करवून घेत असते.

परिचर्या महाविद्यालयात ती घंटा नसते. तेथे सकाळी वॉर्डातील ड्युटी, दुपारी वर्ग, रात्री केस स्टडी आणि जर्नलचे लेखन असा क्रम असतो. पुढील वर्षांत दुपारपाळी व रात्रपाळी येते. खेळाचे मैदान असले तरी तेथे कोणी बोलावीत नाही. पहिल्या काही महिन्यांतच धावणे, उड्या मारणे, खेळणे हे सारे सुटते. वजन काहींचे झपाट्याने वाढते, काहींचे घटते. जी शिस्त बाहेरून लाभली होती ती आता आतून निर्माण करावी लागते, हा या नव्या जीवनाचा पहिला धडा होय.

२. श्रम आणि व्यायाम

'दिवसभर वॉर्डात उभीच असते, धावपळ करते. मग वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न विद्यार्थिनी विचारतात आणि घरची मंडळीही विचारतात. आपल्या समाजात तो अधिकच स्वाभाविक आहे. आपल्या आज्यांनी व आयांनी खुरपणी, कापणी, विटभट्टी, बांधकाम अशी अंगमेहनतीची कामे जन्मभर केली. ज्यांचा देह कष्टाने झिजला त्यांना व्यायाम हा रिकाम्या वेळेचा सोस वाटल्यास नवल नाही.

तथापि त्याच आज्यांच्या वाकलेल्या पाठी आणि दुखरे गुडघे आपल्याला दुसरी बाजूही दाखवितात. श्रम आणि व्यायाम यांत मूलभूत भेद आहे. व्यायामात हालचाल आपण निवडतो, शरीराच्या सर्व भागांना आळीपाळीने काम देतो, थोडा वेळ श्वास व हृदयाची गती वाढवितो आणि नंतर विश्रांती घेतो. त्या विश्रांतीच्या काळात स्नायू बळकट होतात. श्रमात मात्र तीच हालचाल पुनःपुन्हा, कामाच्या गरजेनुसार, अनेक तास करावी लागते. तासन्‌तास उभे राहणे, पलंगावर वाकणे, एका बाजूस वळून रुग्णाला ओढणे यांमुळे ठरावीक स्नायूंवर व सांध्यांवर ताण साचत जातो. हृदय व फुप्फुसे यांना मात्र पुरेसे आव्हान मिळत नाही. मोकळ्या वेळेतील शारीरिक हालचालीमुळे हृदयाला जो लाभ होतो तो कामाच्या ठिकाणच्या कष्टातून तसाच मिळत नाही, हा विरोधाभास अलीकडच्या काळात आरोग्यशास्त्राच्या अभ्यासकांनीही मांडला आहे.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, ड्युटी हा व्यायामाचा पर्याय नव्हे. दुसरा, ड्युटी झेपावी म्हणूनच व्यायाम आवश्यक आहे. ज्याच्या मांड्या व पाठ बळकट त्याला तेच काम हलके जाते.

३. व्यायाम किती व कोणता

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची, अथवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. पाच ते सतरा वर्षे वयोगटासाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगितली आहे. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस प्रत्येकी अर्धा तास. हा अर्धा तास सलगच असला पाहिजे असे नाही. दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात.

मध्यम हालचाल ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना सोबतिणीशी बोलता येते, परंतु गाणे म्हणता येत नाही, इतपत श्वास वाढला म्हणजे ती मध्यम हालचाल होय. एका मिनिटात सुमारे १०० पावले पडली तर तो वेग साधारणतः पुरेसा असतो. नाडी मोजण्यास शिकलेल्या विद्यार्थिनीने चालण्यापूर्वी व चालल्यानंतर स्वतःची नाडी मोजून पाहावी. अभ्यासही होतो आणि स्वतःची प्रगतीही कळते.

बळकटीच्या व्यायामासाठी व्यायामशाळेची गरज नाही. वसतिगृहाच्या खोलीत पुढील सहा प्रकार वीस मिनिटांत होतात.

(अ) खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे व बसणे. सवय झाल्यावर खुर्चीविना अर्ध्या बैठका. दहा-बारा वेळा.

(आ) भिंतीला हात टेकून जोर. पुढे टेबलाच्या आधाराने व शेवटी जमिनीवर. आठ-दहा वेळा.

(इ) पाठीवर निजून, गुडघे दुमडून, कंबर सावकाश वर उचलणे व खाली आणणे. दहा-बारा वेळा.

(ई) हात व गुडघे टेकून, उजवा हात पुढे व डावा पाय मागे सरळ करणे, मग उलट बाजू. प्रत्येकी आठ वेळा. कण्याला आधार देणाऱ्या स्नायूंसाठी हा प्रकार विशेष उपयोगी आहे.

(उ) भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे व टेकणे. पंधरा-वीस वेळा.

(ऊ) कोपरे व पायाची बोटे टेकून शरीर फळीसारखे सरळ धरणे. आरंभी दहा-पंधरा सेकंद.

प्रत्येक प्रकाराची एक फेरी आरंभी पुरे; तीन-चार आठवड्यांनंतर दुसरी फेरी वाढवावी. दोरीवरच्या उड्या आणि लेझीम हेही उत्तम व्यायाम आहेत. लेझीम तर आपल्या शाळांतून सर्वांनाच येते. चार जणींनी वसतिगृहाच्या अंगणात पंधरा मिनिटे लेझीम खेळल्यास व्यायाम होतो आणि मनही मोकळे होते.

४. पाठ आणि रुग्णाला हलविण्याची रीत

जगभरातील परिचारिकांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तक्रारींत कंबरदुखीचा क्रमांक वरचा आहे. ही तक्रार म्हातारपणी नव्हे, तर पुष्कळदा विद्यार्थिदशेतच सुरू होते. त्यास केवळ दुर्बलता कारणीभूत नसून चुकीची पद्धतही असते.

रुग्णाला हलविताना पुढील गोष्टी पाळाव्यात. पलंगाची उंची बदलता येत असेल तर तो आपल्या कमरेच्या उंचीवर आणावा. दोन्ही पायांत खांद्यांइतके अंतर ठेवून एक पाय किंचित पुढे घ्यावा. कमरेतून न वाकता गुडघे व नितंबांचे सांधे दुमडावेत. रुग्ण शक्य तितका आपल्या जवळ घ्यावा, कारण भार शरीरापासून जितका दूर तितका कण्यावरचा ताण अधिक. वळावयाचे असल्यास कंबर पिळू नये, पावले फिरवावीत. चादरीच्या साहाय्याने सरकविणे शक्य असेल तेथे उचलू नये. आणि हलविण्यापूर्वी रुग्णाला सांगावे, कारण त्याने स्वतः थोडे बळ लावले तरी काम निम्मे होते.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा-अभ्यासकांनी हाताने रुग्ण उचलण्याची मर्यादा अनुकूल परिस्थितीतही सुमारे १६ किलो सुचविली आहे. प्रौढ रुग्णाचा भार याहून कितीतरी अधिक असतो. म्हणजे एकटीने रुग्ण उचलणे हे शौर्य नसून स्वतःला व रुग्णालाही इजा करण्याचा मार्ग आहे. नव्या विद्यार्थिनीला 'मदतीला या' असे वरिष्ठांना म्हणण्याचा संकोच वाटतो. ग्रामीण भागातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला तो अधिक वाटतो. अशा वेळी तिने महावग्गातील तो प्रसंग आठवावा. तेथे प्रत्यक्ष तथागतांनीही आनंदांच्या साहाय्यानेच रुग्णाला उचलले.

कंबरेतून पायात उतरणारी कळ, पायाला मुंग्या अथवा बधिरपणा, किंवा व्यायाम करताना छातीत दुखणे, चक्कर येणे अशी लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. दुखणे लपवून ड्युटी करीत राहू नये.

५. चंक्रमण

चालण्याच्या व्यायामाला बौद्ध परंपरेत मानाचे स्थान आहे. बोधगयेस महाबोधी महाविहाराच्या उत्तर बाजूस आजही रत्नचंक्रमणाची जागा दाखविली जाते. संबोधीनंतर तथागतांनी तेथे चंक्रमण केले अशी परंपरा आहे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची क्षमता येते, प्रयत्न करण्याची क्षमता येते, आरोग्य लाभते, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चंक्रमणातून साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. परिचर्येच्या विद्यार्थिनीला नेमक्या याच पाच गोष्टींची गरज असते, हे सहज ध्यानात येईल.

चालण्याचा शरीरशास्त्रीय लाभही तिने जाणून घ्यावा. एका जागी फार वेळ उभे राहिल्याने पायांतील रक्त शिरांमध्ये साचते, पावले सुजतात आणि पुढे शिरा फुगून निळ्या दिसू लागतात. पोटरीचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो ते रक्त वर ढकलतो. म्हणून ड्युटीत उभे राहावे लागल्यास अधूनमधून टाचा उचलाव्यात, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यावे आणि खोलीवर परतल्यावर दहा मिनिटे पाय भिंतीला टेकवून उंच ठेवावेत. चालण्यासाठी महाविद्यालयाचे आवार, गच्ची किंवा लांब व्हरांडाही पुरतो. रस्त्यावर जावयाचे झाल्यास दोघी-तिघींनी मिळून, वॉर्डनला सांगून, उजेडाच्या वेळी जावे.

६. पाळी बदलते तेव्हा

रात्रपाळीत व्यायामाचा क्रम सर्वप्रथम तुटतो. मानवी देहाचे अंतर्गत घड्याळ सूर्यप्रकाशाशी जोडलेले आहे. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली आलेले असते आणि झोप अनावर होते. औषधांची मात्रा चुकण्याचा धोका याच वेळी अधिक असतो. तेव्हा नियमांत बसत असेल तर पाळीपाळीने वीस-तीस मिनिटांची विश्रांती घ्यावी. एरव्ही वॉर्डात एक फेरी मारावी, खांदे व मान सैल करावी, पाणी प्यावे. मध्यरात्रीनंतर तळलेले व जड अन्न टाळावे.

रात्रपाळीहून परतल्यावर जोरकस व्यायाम करू नये. हलके खाऊन, खोलीत अंधार करून, मोबाईल दूर ठेवून झोपावे. तरुण प्रौढांना दिवसाकाठी सात ते नऊ तास झोप लागते. सकाळी सलग तेवढी मिळाली नाही तर सायंकाळपूर्वी आणखी दीड-दोन तासांची झोप घेऊन ती भरून काढावी. व्यायामाची योग्य वेळ म्हणजे उठल्यानंतर, ड्युटीवर जाण्यापूर्वीची. त्या वेळी अर्धा तास चालल्यास अंगात तरतरी येते. रात्रपाळीच्या आठवड्यात व्यायाम निम्मा झाला तरी चालेल. पूर्णपणे बंद मात्र होऊ देऊ नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विश्रांती हा आळस नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. श्रमिकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आणि पगारी सुट्टी या प्रश्नांचा त्यांनी त्या पदावरून पाठपुरावा केला. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून श्रमणाऱ्याचा अधिकार आहे, हा विचार ज्यांच्या वारशात आहे त्यांनी स्वतःच्या देहालाही तो अधिकार दिला पाहिजे.

७. अन्न आणि रक्त

व्यायामाचा आरंभ करूनही दम लागतो, जिना चढताना धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी तक्रार असेल तर तो आळस समजू नये. रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता आणि महाराष्ट्रातील प्रमाणही निम्म्याहून अधिक होते. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात एका डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय मानला जातो.

शाळेत असताना दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अनेकींना आठवत असेल. शाळा सुटली की बहुधा ती गोळीही सुटते आणि नेमक्या त्याच सुमारास कष्ट वाढतात. म्हणून महाविद्यालयात प्रवेश घेतानाच तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार घ्यावेत.

विदर्भातील व आदिवासी पट्ट्यातील विद्यार्थ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आपल्या समाजातही आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू केले असून शासकीय आरोग्य केंद्रांत त्याची तपासणी होते. विकाराचा केवळ वाहक असलेली व्यक्ती सामान्य जीवन जगते, शिकते, नोकरी करते. परंतु तिने व्यायाम हळूहळू वाढवावा, कडक उन्हात अतिश्रम टाळावेत व भरपूर पाणी प्यावे. ज्यांना प्रत्यक्ष विकार आहे त्यांनी व्यायाम आणि लोहाच्या गोळ्या या दोन्ही बाबतींत वैद्यकीय सल्ल्यानेच चालावे. तपासणी करून घेण्यात कमीपणा नाही. उद्या इतरांना तपासणीस प्रवृत्त करणाऱ्यांनी स्वतःपासून आरंभ करणे उचितच होय.

आहाराविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, ५० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. मेसचे पातळ वरण त्याला पुरत नाही. त्यास मोड आलेली मटकी, शेंगदाणे-फुटाणे, दूध-दही यांची जोड द्यावी. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. जे मांसाहार करतात त्यांना सुकट, बोंबील यांसारखे स्वस्त पदार्थही उपयोगी आहेत. बाजरीची भाकरी, हिरव्या पालेभाज्या, तीळ यांसोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा, म्हणजे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास मात्र ते शोषण घटते. दोहोंत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. उपाशीपोटी ड्युटीवर जाण्याची सवय तर पहिल्याच आठवड्यात मोडावी.

मासिक पाळीच्या दिवसांत हालचाल वर्ज्य आहे, हा समज अजूनही अनेक घरांत आहे. त्याला शास्त्रीय आधार नाही. त्या दिवसांतील हलका व्यायाम बहुतेकींना उपकारक ठरतो आणि त्याने पोटदुखीही कमी होऊ शकते. रक्तस्राव किंवा वेदना फार असल्यास मात्र सहन करीत न बसता उपचार घ्यावेत.

८. सातत्य कसे राखावे

व्यायामाचा संकल्प करणे सोपे असते. तो टिकविणे कठीण. या बाबतीत बौद्ध वाङ्मयातील दोन कथा मार्गदर्शक आहेत.

पहिली कथा सोण कोळिविस या भिक्खूची. अत्यंत सुखात वाढलेल्या सोणाने प्रव्रज्येनंतर इतक्या हट्टाने चंक्रमण केले की त्याची पावले फुटली व चंक्रमणाची वाट रक्ताने भिजली. तरीही इष्ट फळ मिळेना, तेव्हा तो निराश झाला. तो गृहस्थाश्रमात वीणा वाजवीत असे, हे जाणून तथागतांनी त्याला तिच्या तारांविषयी विचारले. तार फार ताणलेली अथवा फार सैल असली तर वीणेतून सूर निघत नाही. तसेच प्रयत्नांचे आहे, हे त्याला उमगले. त्याच प्रसंगानंतर भिक्खूंना एकपदरी पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा मिळाली, असे महावग्ग सांगतो. परीक्षा संपताच एका आठवड्यात दहा किलोमीटर धावू पाहणाऱ्या व दुसऱ्या आठवड्यात अंथरुणाला खिळणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही कथा ध्यानी घ्यावी. पावलांची काळजी घेणारी पादत्राणे ही चैन नव्हे, हेही तिच्यातून समजते.

दुसरी कथा कोसलनरेश प्रसेनजिताची. हा राजा अतोनात भात खाई आणि जेवणानंतर धापा टाकीत असे. तथागतांनी त्याला मितभोजनाचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करावयास सांगून दररोज भोजनाच्या वेळी आठवण देण्याची व्यवस्था केली. आहार हळूहळू कमी होत गेला आणि राजाचे शरीर हलके झाले. राजालाही केवळ निश्चय पुरला नाही. आठवण देणारा सोबती लागला आणि बदल क्रमाक्रमाने झाला.

विद्यार्थ्यांनी हाच मार्ग अनुसरावा. एक सोबतीण निवडावी. व्यायाम रोजच्या एखाद्या निश्चित कृतीला जोडावा. उदाहरणार्थ, सकाळच्या वंदनेनंतर लगेच, किंवा ड्युटीचा गणवेश बदलल्यानंतर लगेच. जर्नलच्या शेवटच्या पानावर आठवड्याची नोंद ठेवावी. आरंभ दहा मिनिटांनी करावा. एखादा दिवस चुकल्यास खंत न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे. परीक्षेच्या काळात व्यायाम सोडू नये, कारण दोन तास बसून वाचल्यानंतर दहा मिनिटे चालणाऱ्याला पुढचे वाचन अधिक चांगले समजते.

नमुन्यादाखल सकाळपाळीचा आठवडा असा आखता येईल.

सोमवार, बुधवार, शुक्रवार : सायंकाळी ३० मिनिटे भरभर चालणे.
मंगळवार, शनिवार : २० मिनिटे बळकटीचे सहा प्रकार व १० मिनिटे चालणे.
गुरुवार : मान, खांदे, पाठ व पोटऱ्या सैल करण्याचे सौम्य व्यायाम आणि आनापानाचा सराव.
रविवार : सकाळी मैत्रिणींसह ४० मिनिटे खेळ, लेझीम किंवा फेरफटका.

यात चालणे व खेळणे मिळून आठवड्याची १५० मिनिटे भरतात आणि बळकटीचे दोन दिवसही साधतात.

९. पालक व माजी विद्यार्थ्यांचे कर्तव्य

पालक फोनवर 'जेवलीस का?' असे आवर्जून विचारतात. त्यासोबत 'झोप झाली का? आज चाललीस का?' हेही विचारावे. प्रवेशाच्या खर्चात चांगल्या तळव्याच्या, मापाच्या बुटांचा खर्च धरावा. मुलगी सुट्टीवर आली की साचलेले सर्व घरकाम तिच्यावर सोपवू नये आणि ती सकाळी फिरावयास निघाली तर तिला अडवू नये. घरून पाठवावयाच्या डब्यात शेव-चिवड्याऐवजी शेंगदाणा-तिळाचे किंवा नाचणीचे लाडू द्यावेत.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज रुग्णसेवेत आहेत त्यांनी नव्या विद्यार्थिनींशी संपर्क ठेवावा. पहिल्या वर्षात कोणाशी बोलावे हे न सुचल्याने मुली दुखणे अंगावर काढतात. अनुभवी ताईचा एक फोन तेथे औषधासारखा उपयोगी पडतो. आपल्या विद्यालयातही दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना घंटेविना व्यायाम करण्याची सवय लागावी, यासाठी आठवड्यातील एखादा दिवस त्यांनी स्वतःच आखून पार पाडावा, अशी योजना करता येईल.

समारोप

१८९७ च्या प्लेगच्या साथीत क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांनी रुग्णसेवा करताना १० मार्च रोजी देह ठेवला. अस्पृश्य वस्तीतील प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले होते. असा त्याग आपल्याला सदैव वंदनीय आहे. परंतु साथीच्या संकटात प्राण पणाला लावणे वेगळे आणि रोजच्या निष्काळजीपणाने देह झिजविणे वेगळे. पहिल्यातून समाज उभा राहतो. दुसऱ्यातून केवळ एक सेविका कमी होते.

महावग्गात उत्तम शुश्रूषा करणाऱ्याची पाच लक्षणे सांगितली आहेत. तो औषध सिद्ध करू शकतो; पथ्य-अपथ्य जाणतो; लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करतो; मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस करीत नाही; आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन उल्हसित करतो. ही पाचही लक्षणे तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेत टिकवावयाची असतील तर त्यांना धारण करणारा देह निरोगी हवा. पथ्य-अपथ्याचे ज्ञान परिचारिकेने प्रथम स्वतःला लागू करावे. आज सायंकाळची दहा मिनिटे हा त्याचा आरंभ होय.